शिल्लक पाणी नेमकं कुठल्या नदीतलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा मुद्दा थोडक्यात असा: २००९ साली शास्त्रज्ञांनीच पृथ्वीला झेपेल अशी गोड्या पाण्याच्या वापराची जागतिक मर्यादा वर्षाला ४००० घनकिलोमीटर धरली. वापर तेव्हा २६०० च्या आसपास. म्हणजे १४०० शिल्लक. मग २०२३ मध्ये ‘मर्यादा ओलांडली’ कशी? सामना चालू असताना सीमारेषाच आत ओढली, असं तुमचं म्हणणं.

मोजपट्टी बदलली, हे खरंच आहे. पण जुनी मोजपट्टी काय सांगत होती तेही बघा. एक घनकिलोमीटर म्हणजे साधारण ३५ टीएमसी. अख्खं उजनी धरण भरलं तरी जेमतेम सव्वातीन घनकिलोमीटर होतं. अशा हजारोंच्या बेरजेत एखादी नदी आटली तर दिसणार कशी?

मध्य आशियातला अरल समुद्रच घ्या. एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. १९६० नंतर अमूदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं गेलं. मोयनाक हे त्याच्या काठावरचं मासेमारीचं बंदर होतं. आज तिथल्या गंजक्या बोटी वाळूत उभ्या आहेत आणि उघड्या पडलेल्या तळावरून मीठ आणि कीटकनाशकं मिसळलेली धूळ उडते. आणि तुमची जागतिक बेरीज? या सगळ्या काळात ४००० च्या आतच! ‘पाणी नष्ट होत नाही, पाऊस होऊन परत येतं’ हे बरोबर, पण ते मोयनाकला परत आलं नाही.

तो ४००० चा आकडाही तुम्ही समजता तेवढा पक्का नव्हता. नद्यांच्या स्वतःच्या गरजेचं पाणी राखून २०१३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा मर्यादा २८०० वर आली. तीही ११०० ते ४५०० अशा ऐसपैस पट्ट्यात. २०१५ मध्ये खोऱ्यानुसार, महिन्यानुसार मर्यादा आल्या: प्रवाह कमी असेल त्या महिन्यात सरासरी प्रवाहाच्या २५ टक्क्यांपर्यंतच उचल, भरपूर असेल तेव्हा ५५ टक्के. मला सगळ्यात पटते ती हीच पद्धत.

२०२३ ची पद्धत वेगळी. औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत नद्यांचा प्रवाह किंवा जमिनीतली ओल नेहमीच्या चढउताराबाहेर गेली, असा भूभाग किती, हे ती मोजते. प्रवाहासाठी मर्यादा १०.२ टक्के, प्रत्यक्षात १८.२, ओलीसाठी ११.१, प्रत्यक्षात १५.८. यात नेहमीपेक्षा जास्त ओलं होणंही धरतात. धरणातून सोडलेल्या पाण्याने उन्हाळ्यात नदी वाहती राहिली, तर तोही बिघाडच का मानायचा? इथे तुम्ही वाद घातलात तर मी तुमच्या बाजूने आहे. १४०० शिल्लक असल्याच्या मुद्द्यावर मात्र नाही.