सदरा काही निघेना

दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, ही गोष्ट आमच्या घरात माझ्यापेक्षा इतरांच्या अधिक लक्षात असते. त्या दिवशी मी काय करायचे हे शुक्रवारी रात्रीच ठरलेले असते आणि ते ठरवताना मला विचारण्याचा प्रघात नाही. ऑक्टोबरातल्या अशाच एका शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, पंखा बंद ठेवलेल्या दिवाणखान्याच्या मधोमध, अंगात लोकरीचा स्वेटर, त्यावर लग्नातला कोट आणि डोक्यावर वडिलांची काळी टोपी अशा थाटात मी उजवा हात वर करून उभा होतो. पाय जागचे हलू नयेत म्हणून आईने माझ्या पावलांभोवती रांगोळी घातली होती. तिने सवयीने तीत हळदकुंकूही भरल्यामुळे माझे रूप नवसाला बोललेल्या मूर्तीसारखे दिसत असावे, कारण दूधवाला पैसे न मागताच परत गेला.

या प्रकाराचे मूळ नववीत शिकणाऱ्या आमच्या कन्येच्या दिवाळीच्या प्रकल्पात होते. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळातली एखादी युक्ती संगणकाची मदत न घेता स्वतः करून दाखवायची, असा तो प्रकल्प होता. कन्येने त्यासाठी जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराचा १९०० सालचा जेमतेम दोन मिनिटांचा एक चित्रपट निवडला. त्यात एक गृहस्थ निजण्यापूर्वी अंगातले कपडे काढू लागतो आणि एक कपडा काढून टाकताच त्याच क्षणी दुसरा अंगावर येतो. कोट काढावा तर निराळा कोट, टोपी भिरकावावी तर डोक्यावर नवी टोपी. बिचारा चिडतो, घाई करतो, तसतसे कपडेही घाई करतात आणि शेवटी तो गडबडा लोळू लागतो. मला हा चित्रपट पाहताक्षणीच आवडला, कारण चिपळूणच्या एका लग्नात जानवसघराच्या सामाईक खोलीत कपडे बदलण्याचा मला आलेला अनुभव याहून फारसा वेगळा नव्हता. मात्र आवडला असे मी मोठ्याने म्हणालो, ही चूक झाली. भूमिकेसाठी दुसऱ्या कोणाचा विचारच झाला नाही.

या मेलिएसविषयी मला पूर्वीपासून कुतूहल आहे. पॅरिसमधले रोबेर-उदँ हे जादूचे नाट्यगृह त्याने १८८८ साली विकत घेतले होते. लुमिएर बंधूंनी डिसेंबर १८९५ मध्ये पडद्यावर हलती चित्रे दाखवली तेव्हा प्रेक्षकांत तोही होता आणि लगेच या यंत्राच्या मागे लागला. युक्ती कशी सापडली याची त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की ऑपेराच्या चौकात चित्रण करताना कॅमेऱ्यात फीत अडकली, ती सोडवायला मिनिटभर लागले आणि पुढे फीत पडद्यावर पाहिली तेव्हा प्रवाशांची घोडागाडी एकाएकी शववाहिका झाली व पुरुषांच्या बायका झाल्या. हकीकत इतकी बेतशीर आहे की ती जादूगाराने सांगितली आहे हे विसरता येत नाही. शिवाय अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद दाखवताना नेमके हेच केले होते. राणीने ठोकळ्यावर मान ठेवली, कॅमेरा थांबला, राणीच्या जागी बाहुली आली, कॅमेरा सुरू झाला आणि कुऱ्हाड पडली.

पण तिथे मान एकदाच उडते आणि हसू येत नाही. मेलिएसनेही १८९६ मध्ये खुर्चीवर बसलेली बाई चादरीखालून नाहीशी करून दाखवली होती, तेव्हा लोक थक्क झाले असतील, पोट धरून हसले नसतील. नाहीशी झालेली वस्तू एकदा परत आली तर ती जादू असते, तिसऱ्यांदा आली की हसू येते आणि दहाव्यांदा आली की ज्याच्या अंगावर ती येते त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. हा शेवटचा भाग मी ग्रंथाधारे सांगत नाही.

कृती ऐकायला फार सोपी आहे. कॅमेरा एका जागी घट्ट बसवावा, नटाने सदरा काढून फेकावा आणि हात वर असतानाच पुतळा व्हावे. कॅमेरा थांबवावा, नटाला दुसरा सदरा घालावा, त्याने पुन्हा त्याच पवित्र्यात उभे राहावे आणि कॅमेरा सुरू करावा. आता ज्या माणसाने उजवा हात हवेत स्थिर ठेवायचा आहे त्याला सदरा कोणत्या मार्गाने घालावा, याचा खुलासा चित्रपटाच्या कोणत्याही इतिहासात केलेला नाही. हात खाली आणल्याखेरीज बाही चढत नाही आणि एकदा खाली आणलेला हात नेमक्या त्याच जागी परत जात नाही. कधी तो चार बोटे डावीकडे जातो, कधी तळवा उलटा होतो. शेवटी पत्नीने पंख्याला एक दोरी बांधून तिच्या टोकाला लिंबूमिरची लटकवली आणि हाताचे मधले बोट मिरचीला लागेल अशी व्यवस्था केली. चित्रण सुरू होण्याआधी दोरी काढायची आणि थांबले की पुन्हा बांधायची, हे काम आईकडे गेले. पत्नीकडे बटणे होती. ऊन खिडकीतून भिंतीकडे परतवण्यासाठी कोणीतरी पांढरी चादर धरावी, असे मी सुचवून पाहिले आणि दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अशाच चादर धरून उन्हात उभ्या राहत, हेही सांगितले. त्यावर, "फाळक्यांनी निदान पुढे चित्रपट काढला," एवढेच उत्तर आले.

फाळक्यांचे नाव मात्र कन्येने उचलून धरले. तेही जादूचे प्रयोग करत आणि आडनावाची अक्षरे उलटी करून स्वतःला प्रोफेसर केल्फा म्हणवत, हे तिला ठाऊक होते. कुंडीतल्या वाटाण्याचा वेल वाढताना त्यांनी एकेक चित्र घेत टिपला आणि कितीतरी दिवसांची वाढ घटकाभरात पडद्यावर दाखवली, हेही तिने मला ऐकवले. "बाबा, तो वाटाणा किती शांत राहिला असेल बघ," असे ती म्हणाली. वाटाण्याला स्वेटर घातलेला नव्हता, हे मी तिच्या नजरेस आणून दिले.

तिसऱ्या सदऱ्यानंतर कन्येने घेतलेले चित्रण पाहिले आणि अवघी मेहनत फुकट गेल्यासारखे वाटले. प्रत्येक बदलाच्या वेळी मी किंचित दचकत होतो, जणू सदरा नव्हे, पालच अंगावर पडत होती. याचेही उत्तर मेलिएसकडेच निघाले. नुसता कॅमेरा थांबवून त्याचेही भागत नसे. हाताने फिरवायचे यंत्र थांबताना आणि पुन्हा सुरू होताना मंद होई, त्यामुळे तेवढी चित्रे जास्त उजेड खाऊन फिकी पडत आणि नटही कितीही कसबी असला तरी इंचभर सरकलेला असेच. म्हणून तो दोन्ही बाजूंची बिघडलेली चित्रे कापून टाकी आणि फीत जोडून घेई. आपण ज्याला कॅमेऱ्याची करामत समजतो त्यातली निम्मी कात्रीची आणि डिंकाची असते, हे त्याच्या फितींवरले जोड पाहूनच पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे जात. त्यांतल्या दोन चित्रांच्या मधल्या भेगेत, जिथे प्रेक्षकाला काहीच दिसत नाही, तिथे माझी पत्नी दातात सेफ्टीपिन धरून माझ्या मानेचे बटण लावत होती आणि, "पोट आत घ्या, अहो, पोट," असे म्हणत होती.

सहाव्या सदऱ्याला दाराची घंटा वाजली. कन्या दार उघडून धावत परत आली, मोबाइलवर बोट ठेवले आणि नेहमीप्रमाणे ओरडली, "कोणी हलू नका!" सदरा फेकून मी हात वर केला आणि पुतळा झालो. थोड्या वेळाने डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसले, की शोकेसच्या बाजूला खांद्यावर भरलेला सिलिंडर घेतलेला गॅसवालाही पुतळा झाला होता. त्याचा श्वासही थांबला होता. एवढ्या शिस्तीने उभा राहणारा नट मेलिएसलाही मिळाला नसेल. आठव्या सदऱ्यापर्यंत तो सही घेऊन आणि रिकामा सिलिंडर उचलून निघून गेला होता. जाताना त्याने पत्नीला हलक्या आवाजात विचारले, "साहेबांना कधीपासून होतंय हे?"

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो चित्रपट पाहिला. एक मिनिट चाळीस सेकंदांत माझ्या अंगावर अकरा सदरे, दोन स्वेटर, एक कोट आणि आईची शाल येऊन गेली. कोणी हसले नाही. मग एका क्षणी शोकेसजवळच्या रिकाम्या हवेतून लाल सिलिंडरासह एक माणूस उगवला, निर्विकार चेहऱ्याने माझ्याकडे पाहत राहिला आणि थोड्याच वेळात जसा आला तसा विरून गेला. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. कन्या म्हणाली की ही चूक आहे, हे कापायला हवे. मी तिला ऑपेराच्या चौकातल्या शववाहिकेची आठवण करून दिली, आणि ती हकीकत खरी असावी असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले. गॅसवाला राहिला. माझे तीन सदरे मात्र लांबण लागते म्हणून कापण्यात आले.

चित्रपट पुन्हा पाहताना आईचे लक्ष माझ्यावर नव्हते. ती मागच्या भिंतीवरले घड्याळ न्याहाळत होती. माझा पहिला सदरा निघाला तेव्हा त्यात नऊ चाळीस झाले होते, टोपी आली तेव्हा साडेदहा आणि शाल आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. "अरे, हे घड्याळ बघ कसं उड्या मारतंय," ती म्हणाली. "सेल गेला असेल. बदलून टाक बघू." घड्याळ बरोबर आहे हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मी स्टूल घेतले, वर चढलो आणि घड्याळ काढायला उजवा हात उचलला, तो खांद्याच्या रेषेत येऊन अडकला तो अडकलाच. ना वर जाईना, ना खाली येईना.

"बाबा," मागून कन्येचा आवाज आला, "तसाच थांब. मोबाइल आणते."