रिपोर्ट नॉर्मल, मग त्रास कुठून येतो?
दर वेळी तेच! सांधे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे, उन्हात गेलं की चेहऱ्यावर रॅश येतो म्हणून स्किनवाल्यांकडे, तोंड सारखं येतं म्हणून डेंटिस्टकडे, आणि हे सगळं एकाच माणसाला होतंय हे कुणी एका कागदावर मांडून बघतच नाही. अरे, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असाच तर येतो ना, तुकड्यातुकड्यांत! सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) आणि थायरॉइड नॉर्मल आले की लगेच 'टेन्शन घेऊ नका'. ल्युपस किडनीलाही धरतो, लघवीतून प्रोटीन जातंय का एवढं तरी बघा! आणि नुसती एएनए (ल्युपसच्या संशयावरून करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली की थेट ल्युपसचा शिक्का, ती तर धडधाकट माणसांतही येते कधीकधी. आधी काय कधी सुरू झालं ते पेशंटला पहिल्यापासून सांगू द्या की, मध्येच न तोडता.