पंख्यावर नाव, पगाराला ठेंगा

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा पुन्हा महाराष्ट्राच्या जनसुरक्षा कायद्यावरून जुंपली. 2025 च्या जुलैमध्ये विधिमंडळात पास झालेला, संघटना बेकायदा ठरवू देणारा कायदा, त्यावर बारा हजारांवर सूचना आल्या होत्या, मग मसुद्यात बदल करून तो कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता आहे असं सरकारने सांगितलं, तरी त्यात उद्या कोणाला ओढतील हा प्रश्न काही मिटलेला नाही. एकाचं म्हणणं, हे एनजीओवाले परदेशी पैशावर जगतात, नाड्या आवळल्याच पाहिजेत. दुसऱ्याने मला टॅग करून लिहिलं, तुझं बरंय बाबा, तुमच्या अमेरिकेत सरकार संस्थांच्या वाटेला जात नाही.

हसावं का रडावं कळेना. 25 सप्टेंबरला इथल्या अध्यक्षांनी एक मेमोरंडम काढलं, राजकीय हिंसाचाराला पैसा पुरवणारे शोधून काढा आणि करमाफी असलेल्या संस्थांकडे टॅक्स खात्यानेही त्या नजरेने बघावं. हिंसेला पैसा पुरवणाऱ्यांची बाजू कोण घेईल, कोणीच नाही, पण ठरवणार कोण आणि कशावरून, हा प्रश्न मुंबईत जो विचारला जातोय तोच इथे विचारला जातोय. गंमत म्हणजे आपल्यातलेच काही जण तिकडच्या बातमीला टाळ्या वाजवतात आणि इकडच्या बातमीला लोकशाही धोक्यात म्हणतात, काहींचं बरोब्बर उलट आहे, सरकार आपल्या आवडीचं का नावडीचं एवढ्यावरच सगळं.

मी इथे न्यू जर्सीत गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या एका छोट्या फूड पँट्रीच्या बोर्डावर आहे. चर्चचं तळघर, लोखंडी रॅक, शनिवारी सकाळी रांग. फॉल, म्हणजे हिवाळ्याआधीचे महिने, हा इथल्या संस्थांचा प्लॅनिंगचा सीझन, कारण फेडरल सरकारचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, आमचं बजेट डिसेंबरात पास व्हावं लागतं आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून 31 डिसेंबरपर्यंत जे चेक येतात त्यावर पुढचं वर्ष तरतं. एरवी हा प्रकार कंटाळवाणाच असतो, मागच्या वर्षीची शीट उघडायची, आकडे थोडे चढवायचे, पिझ्झा खायचा, घरी जायचं.

यंदा तसं नाहीये. 27 जानेवारीला सगळ्या फेडरल ग्रँट थांबवा असा मेमो निघाला, दोन दिवसांत मागे घेतला, पण त्या दोन दिवसांत देशभरच्या संस्थांनी पगार कसे करायचे याचे फोन फिरवले. मार्चमध्ये शेती खात्याने फूड बँकांना जाणारा साधारण 50 कोटी डॉलरचा माल कॅन्सल केला, त्यात चिकन, चीज, अंडी, दूध होतं. आमच्या रॅकवर जिथे चिकनचे डबे असायचे तिथे आता चणे आहेत आणि पीनट बटर एका घराला एकच बरणी. मग खर्चाची मंजुरी अडल्याने 1 ऑक्टोबरला सरकार बंद पडलं ते 43 दिवस बंदच. नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे लटकले, स्नॅप म्हणजे गरिबांना रेशनसाठी कार्डावर मिळणारी मदत, ती घेणारे तेव्हा 4 कोटींच्या वर लोक होते. नोव्हेंबरच्या त्या पहिल्या शनिवारी रांग पार्किंग लॉटला वळसा घालून रस्त्यावर गेली होती आणि त्यात एक माणूस गळ्यात सरकारी ऑफिसचं आयकार्ड घालून उभा होता, महिनाभर पगार नाही, काही कागद दाखवावा लागतो का म्हणून विचारत होता. काही लागत नाही, पिशवी घ्या म्हटलं. 12 नोव्हेंबरला तडजोड झाली, स्नॅपची पुढच्या सप्टेंबरपर्यंत सोय झाली, पण बऱ्याच खात्यांची फक्त 30 जानेवारीपर्यंत. म्हणजे आम्ही 2026 चं बजेट करायचं आणि सरकारचा पत्ता पहिल्या महिन्यापुरताच.

त्यात आता ग्रँटच्या कागदावर सही मागतात की आमच्याकडे बेकायदा डायव्हर्सिटी कार्यक्रम नाहीत. बेकायदा म्हणजे नेमके कुठले हे स्पष्ट नाही आणि खोटं लिहून दिलं असं ठरलं तर तिप्पट नुकसानभरपाईचा कायदा लागू होऊ शकतो. मोठ्या हॉस्पिटलांकडे आणि युनिव्हर्सिट्यांकडे वकिलांची फौज असते हो, आमच्या तळघरात वकील कुठून आणायचा?

आम्हाला यंदा वाचवलं ते पार्ट टाइम बुककीपर बाईंनी. त्यांनी प्रत्येक फंडाचं खातं वेगळं ठेवलंय, कुठला पैसा कशाला बांधलाय आणि कुठला मोकळा हे त्यांना तोंडपाठ. सरकार बंद झालं त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं की अमुक बंद झालं तर एवढं थांबेल, तमुक बंद झालं तरी रिझर्व्हवर तीन महिने निघतील. बोर्डावरच्या काहींना हेच पद बंद करायचं होतं, का तर ओव्हरहेड, म्हणजे ऑफिस खर्च, कमी दिसायला हवा. इथला देणगीदार चेक लिहिण्याआधी बघतो की माझ्या डॉलरमधले किती सेंट गरजूपर्यंत गेले, आणि हिशेब ठेवणारी बाई म्हणजे त्याच्या लेखी वाया गेलेला पैसा.

हे ऐकून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं नाही तर नवल. आपल्या शाळांत छताच्या पंख्याच्या पात्यावर लाल रंगात लिहिलेलं असतं, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, कपाटावर नाव. पण क्लार्कच्या पगाराला कोणी पैसे देत नाही, त्यावर नाव कुठे टाकणार.

बीडकडे माझा एक मित्र ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवतो. त्याचं प्लॅनिंगही याच दिवसांत, कारण दिवाळी उरकली की मुकादमाच्या ट्रॅक्टरमागे बिऱ्हाडं निघतात आणि पोरं मागे ठेवायची तर कुणाकडे हा प्रश्न पडतो. यंदा सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यात शेतंच्या शेतं खरवडून नेली, सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पण ज्याचं पीक गेलं तो माणूस कारखान्यावर जाणारच, उलट जास्त जाणार. म्हणजे वसतिगृहात पोरं वाढणार. वर निवडणुकांची आचारसंहिता, कुठल्याही टेबलावर गेलं की उत्तर एकच, निकालानंतर बघू. विश्वस्त बदलले त्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची सरकारी नोंद, धर्मादाय कार्यालयात अडकलाय म्हणून बँक नव्या सह्या घेत नाही. त्याला विचारलं काय पाठवू, तर म्हणाला ब्लँकेटं नको बाबा, ब्लँकेटं पोरांपेक्षा जास्त झालीत, सीएची फी भरायचीये आणि पोरांना सांभाळणाऱ्या बाईंचे दोन पगार राहिलेत.

आता मी पाठवतो म्हटलं तर त्यातही गंमत आहे. मी अजून भारतीय पासपोर्टवर, त्यामुळे माझ्या कमाईतले पैसे बँकेतून गेले की ते एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्यात, परदेशी देणगी धरत नाहीत. बायको गेल्या वर्षी अमेरिकन सिटिझन झाली, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, मराठी माझ्याहून चांगलं बोलते, पण तिचे पाच हजार रुपये म्हणजे परदेशी पैसा, आणि मित्राच्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी नाही म्हणजे तिच्याकडून घेणं गुन्हा. इथल्या एखाद्या संस्थेमार्फत द्यावे तर टॅक्समध्ये सूट मिळते, पण ती संस्था स्वतःच परदेशी, परत तेच. ग्रुपवर परदेशी पैसा परदेशी पैसा म्हणून ओरडणाऱ्यांना यातलं काही माहीत नसतं, त्यांच्या डोळ्यांसमोर कोणीतरी सूटबूटवाला गोरा असतो.

हिशेब मागू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. इथे कुठल्याही नोंदलेल्या संस्थेचा 990 फॉर्म, म्हणजे टॅक्स खात्याला द्यायचा वार्षिक हिशेब, बहुतेकदा घरबसल्या वाचता येतो, सगळ्यात जास्त पगार कोणाला हेसुद्धा त्यात दिसतं, आपल्याकडे तसं झालं तर मी आनंदाने स्वागत करीन. पण एफसीआरएच्या 2020 च्या दुरुस्तीने काय केलं बघा. परदेशी देणगीतून ऑफिस खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच उघडायची सक्ती केली आणि मोठ्या संस्थेने छोटीला पैसे पुढे देणं बंद केलं. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये दुरुस्त्या मान्यही केल्या. म्हणजे कागद वाढवायचे आणि कागद सांभाळणाऱ्याच्या पगाराला कात्री लावायची. सीएसआरमध्येही, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चातही, तेच, 5 टक्क्यांची मर्यादा नियमाप्रमाणे कंपनीच्या स्वतःच्या ऑफिस खर्चावर आहे, पण कंपन्या ती संस्थेच्या गळ्यात मारतात. तरी दोन टक्के सीएसआर कायद्याने खर्च करायला लावणं ही आपली गोष्ट मला आवडते, अमेरिकेत असलं काही नाही, इथे कंपनीची मर्जी.

एक मात्र आहे, आपल्या संस्थांना सरकारशिवाय जगायची सवय जुनी. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले शंभरेक वर्षांपूर्वी, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेत आल्या, लोकांच्या घरी कामं केली आणि देणग्या जमवल्या. इथल्या संस्थांना फेडरल पैशाची इतकी सवय लागलीय की नळ बंद झाल्यावर पहिल्यांदा कळतंय शेजारी कोण राहतं ते.

तर इथल्या चार-पाच मराठी घरांनी सध्या असं ठरवलंय. भारतीय पासपोर्टवाले आपल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यातून दर महिन्याला थेट बीडला पाठवणार, सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहून की हे पगार आणि ऑडिटसाठीच. सिटिझन झालेले एफसीआरएची नोंदणी असलेली संस्था शोधून तिला देणार, नाहीतर आमच्या पँट्रीला. एकाने लगेच विचारलं, फोटो येणार का. बुककीपरचा फोटो पाठवतो म्हटलं.

आणि इथे टॅक्स भरणाऱ्यांसाठी, जुलैच्या कायद्याने नियम बदललेत. जे आयटेमाइज करतात, म्हणजे एकेक खर्च दाखवून सूट घेतात, त्यांना 2026 पासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या देणगीवर सूट नाही, त्यांनी मोठा चेक 2025 च्या डिसेंबरातच फाडावा. जे करत नाहीत त्यांना 2026 च्या जानेवारीपासून एकट्याला 1,000 आणि जोडप्याला 2,000 डॉलरपर्यंत सूट मिळेल, पण फक्त रोख, चेक किंवा कार्डाने दिलेल्या पैशावर, जुन्या कपड्यांच्या पिशव्या त्यात धरत नाहीत.