आवाज बसवण्याचे उपाय

कथालेखकाला स्वतःचा आवाज सापडला पाहिजे, असे हल्ली जो तो सांगत असतो. नवोदितांनी या सल्ल्याने हुरळून जाऊ नये. आवाज सापडणे ही अत्यंत गैरसोयीची गोष्ट आहे, कारण एकदा तो सापडला की आपले लिखाण आपल्यासारखे वाटू लागते आणि मग त्यातल्या चुका दुसऱ्या कोणाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. सुदैवाने, मैफलीच्या आदल्या रात्री आंबट ताक प्यायल्याने जसा गवयाचा गळा बसतो, तसा लेखकाचाही बसवता येतो; आणि हे उपाय मी स्वतःवर वीस वर्षे करून पाहिले असल्यामुळे त्यांबद्दल अधिकारवाणीने बोलू शकतो. (आवाज हवाच असेल, तर त्या नावाचा दिवाळी अंक खिडकीचित्रांसह विकत मिळत आलेला आहे.)

सर्वांत सोपा उपाय उसनवारीचा. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाचे तिरकस, अघळपघळ बोलणे कादंबरीत चालेल की नाही, हे कोणालाही न विचारता त्यांनी ते चालवले, आणि 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' हे दोन साधे शब्द मराठी गद्यात कायमचे स्थायिक करून टाकले. तुम्हाला एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही, कारण शब्द तयारच आहेत. नायकाला वसतिगृहाच्या खोलीत ठेवावे, त्याला सकाळपासून कंटाळा आणावा आणि दर तिसऱ्या वाक्यात 'वगैरे' पेरावे. माझ्या पहिल्या कथेत ४१ 'वगैरे' होते. त्यांतला एक 'वडील वारले वगैरे' असा आला होता, आणि ते वाक्य लिहिताना मला आपण फार मोठे लेखक झाल्याचे जाणवले होते.

ही तऱ्हा जुनी वाटत असेल, तर आपण मुळात परभाषेत लिहीत असून मराठीत केवळ अनुवाद करत आहोत, असे समजून लिहावे. मग अकोल्याच्या बसस्थानकावर उभा असलेला कंडक्टर प्रश्नाच्या उत्तरादाखल खांदे उडवतो, शेगावची सासू खोल श्वास घेऊन खिडकीबाहेर पाहते आणि खोलीत 'एक शांतता पसरते, जी जणू अनंत काळापासून तिथे होती'. आमच्या भागात खांदे उडवणारा माणूस मी अद्याप पाहिलेला नाही; नकार द्यायचा असला की लोक जिभेने 'च्यक्' करतात. परंतु 'च्यक्' हा कथेत शोभणारा आवाज नव्हे.

खरी काळजी घ्यायची ती घरच्या बोलीची, कारण ती नजर चुकवून केव्हा कथेत शिरेल याचा नेम नसतो. उद्धव शेळके यांनी १९६०च्या 'धग'मध्ये पात्रांना सरळ वऱ्हाडी बोलू दिले, पण त्याकडे अपवाद म्हणून आदराने पाहावे आणि पुढे जावे. माझी आत्या मला उंबऱ्यात पाहताच कपाळाला हात लावून म्हणाली होती, "मायबाई, कसं वाळलं पोरगं माह्यं!" हे वाक्य मी कथेत घेतले आणि रात्रभर अस्वस्थ राहिलो. सकाळी 'माह्यं'चे 'माझे' केले. दुपारी 'मायबाई' काढली, कारण पुण्याच्या वाचकाला ती कळणार नाही असे मला, पुण्याच्या एकाही वाचकाला न विचारता, वाटले. 'वाळलं' हे फार कोरडवाहू वाटले. शेवटी आत्या म्हणाली, "बाळा, तू किती कृश झाला आहेस!"

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती कथा 'भाषा नितळ आहे' असा शेरा देऊन छापली. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकांची प्रथा पाडल्यापासून किती आत्या अशा कृश झाल्या असतील, हे मोजण्याचे काम कोणी हाती घेतलेले नाही.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: लिहिलेले मोठ्याने वाचू नये, आणि ज्याच्याकडून बोलणे उचलले त्याच्यासमोर तर मुळीच नाही. डोळा सजावटीला भुलतो, पण कान फार खवचट असतो. मी हे पथ्य एकदाच मोडले. अंक घेऊन गावी गेलो आणि ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आत्याला सगळी कथा वाचून दाखवली. तिने ती मन लावून ऐकली. 'कृश'पाशी तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा सोलू लागली. कथा संपल्यावर तिने मांडीवरची टरफले झटकली आणि मोठ्या सहानुभूतीने विचारले, "बिचारी. पन हे बाई कोन होय रे?"

मी म्हणालो, शेजारची आहे.