ओढ्यातले किडे संपवायचेत? मग घाई करू नका, पद्धतशीर करा

तर मंडळी, ओढ्यात किडे राहतात हेच तुम्हाला माहीत नसेल तर अर्धं काम झालंय. ज्याचं नाव कुणाला घेता येत नाही ते गेलं काय आन् राहिलं काय, रडणार कोण. तरी एकदा ओळख करून घ्या. वाहत्या पाण्यातला एखादा दगड उचलून उलटा करा, खाली चपटी, शेपटीला दोन-तीन धागे लोंबणारी जी पोरं सैरावैरा पळतात ती मेफ्लाय आणि स्टोनफ्लायची पिल्लं, आणि वाळूचे कण नि काटक्या स्वतःच्या रेशमानं चिकटवून नळीसारखं घर बांधून आत बसलेली ती कॅडिसफ्लायची अळी. जगभरात ओढ्याची तब्येत बघायची तर आधी या तिघांना मोजतात. म्हणून तर ते नकोत. रिपोर्टच आला नाही की पेशंट ठणठणीत!

आता नवशिके काय करतात, औषधाचा आख्खा डबा पाण्यात ओततात. मग मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात, लोक फोटो काढतात, नसती आफत. तुम्ही असं करायचं नाही. तुम्ही इमिडाक्लोप्रिडसारखं एखादं कीटकनाशक घ्या, पाण्यात छान विरघळणारं, आणि ते बियाण्यालाच चोळून पेरा, म्हणजे फवारणी केली असं कुणी म्हणायलाच नको. त्यातलं साधारण 5 टक्केच पीक घेतं, बाकीचं मातीत, आणि मग पाऊस आहेच की, तो फुकटात ओढ्यापर्यंत पोचवून देतो. पुढे ते किड्याच्या मज्जातंतूत जिथे निरोप इकडून तिकडे जातो नेमकं तिथेच ठिय्या देऊन बसतं. किडा लगेच मरतच नाही हो, हीच तर गंमत आहे. आधी खाणं सोडतो, मग थरथरतो, मग दगडावरची पकड सुटते आणि प्रवाहाबरोबर खाली जातो. मेला कुठे, गेला! बदली झाली समजा.

टेस्टिंगचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका. पाण्यातल्या बारक्या जिवांवर औषधाची परीक्षा घ्यायची तर वर्षानुवर्षं ठरलेला पहिला उमेदवार म्हणजे डॅफ्निया, पाणपिसू. आणि इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत हा उमेदवार इतका चिवट निघाला की मेफ्लायला जेवढं पुरतं त्याच्या हजारो पट जास्त लागतं त्याला आडवं करायला. पैलवानाला चापट मारून बघायची आणि सांगायचं की बाळाला काही होणार नाही.

नमुने घ्यायचेच असले तर स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशी घ्या, फवारणी आणि पाऊस दोन्ही होऊन गेल्यावर, निवांत. जर्मनीत 2018 आणि 2019 मध्ये काही आगाऊ मंडळींनी नेमके पाऊस पडल्या पडल्याचे नमुनेही घेतले, शंभरावर ओढ्यांचे, आणि 81 टक्के ओढ्यांत कीटकनाशकांची ठरवून दिलेली मर्यादा ओलांडलेली सापडली. कशाला सांगितलंय हे उद्योग.

शेत नाही म्हणून हिरमुसू नका. युरोपियन युनियननं 2018 मध्ये तीन निओनिकोटिनॉइड, म्हणजे इमिडाक्लोप्रिड आणि त्याची दोन भावंडं, उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, पण इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या 2016 ते 2018 मधल्या नमुन्यांचे आकडे मांडून बघितले तर इमिडाक्लोप्रिड आहेच आणि फिप्रोनिल हे दुसरं कीटकनाशक जवळपास प्रत्येक नमुन्यात, आणि संशयित कोण तर कुत्र्यामांजराच्या मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब! म्हणजे सगळं शेतकऱ्याच्या माथी मारायची पण सोय नाही बघा. थेंब टाका, लाडक्याला ओढ्यात डुंबायला सोडा, झालं तुमचं योगदान.

विष हा एक हात झाला, आता दुसरा हात, गरम पाणी. हे तर त्याहून सोपं, काठावरची झाडं तोडा. सावली गेली की ऊन थेट पाण्यावर. 10 डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 25 डिग्रीला 8 च्या आसपास. आणि किड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, पाणी तापलं की त्याचं आतलं इंजिन पण पळायला लागतं, म्हणजे ऑक्सिजन जास्त हवा आणि मिळतोय कमी. स्टोनफ्लायची पिल्लं अशा वेळी दगडावर चक्क जोर-बैठका काढतात, अंग खालीवर करून कल्ल्यांवरून पाणी फिरवायला. बघणाऱ्याला वाटतं काय फिटनेस आहे! जी तगतात ती भराभर वाढून लवकर पंख फुटून बाहेर पडतात, पण बऱ्याचदा अंगानं बारकी, आणि बारक्या मादीची अंडी पण कमी. पाखरं पिल्लांना भरवायला किडे शोधत येतात तोवर पंगत उठलेली असते.

खरी कला मात्र दोन्ही हात एकदम चालवण्यात आहे. तापलेल्या पाण्यात जीव जास्त श्वास घेतो, कल्ल्यांवरून जास्त पाणी जातं, त्याबरोबर विषही जास्त आत जातं, आणि ते निस्तरायला लागणारी ताकद आधीच जगण्यात संपलेली असते. म्हणून एक नियम पाळा, विषाची फाइल वेगळी आणि तापमानाची वेगळी, दोन वेगळ्या टेबलांवर, आणि त्या टेबलांची चहाची वेळ पण वेगळी ठेवा. विष मर्यादेत, तापमान पण मर्यादेत. ओढा तेवढा रिकामा. आता काय करणार.

मागाहून बारीकसारीक कुरबुरी होतील. पाण्यात पडलेली पानं खाऊन बारीक करणारे गेले की पाचोळा नुसता साचून राहील, मासे रोडावतील, वटवाघळं आणि कोळी दुसरीकडे बघतील. दुर्लक्ष करा. अमेरिकेतल्या अप्पर मिसिसिपी नदीवर मेफ्लायचे थवे इतके उठायचे की हवामानाच्या रडारवर दिसायचे, 2012 ते 2019 मध्ये ते निम्म्याहून कमी झाले, तरी तिथल्या पुलांवरून गाड्या चालूच आहेत की, काचा पण स्वच्छ.

आणि एवढं करून एखादी मेफ्लाय वाचलीच, पंख फुटून वर आलीच, तर घाबरू नका. मोठेपणी तिला खायला-प्यायला चालणारं तोंडच नसतं. दिवसभराचं आयुष्य, तेही बहुतेकदा नाहीच पूर्ण. तक्रार करणार कशी आणि कुठल्या टेबलावर!