लिओनिडासची नात आणि कोंबडी

परवा रात्री मला कोंबडीनं मारलं. मला म्हणजे व्हिडिओ गेममधल्या कॅसँड्राला; पण कंट्रोलर माझ्या हातात होता आणि सासरे पाठीमागे उभे होते, म्हणजे मेलो मीच.

‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ हा तो गेम, आणि त्यातला स्पार्टाच्या लिओनिडास राजाचा भाला माझ्याकडे होता. मोडका, पण दैवी. माणसाच्याही आधीच्या कुठल्याशा महाज्ञानी जमातीनं घडवलेला. इ.स.पू. 431, ग्रीसमध्ये अथेन्स-स्पार्टा युद्ध पेटलेलं. दोन सैनिक लोळवले, जिवाची पट्टी सुताएवढी उरली, शेवटचा वार वाहवत गेला तो एका कोंबडीवर. या खेळात कोंबडी मार खाऊन गप्प बसत नाही. अंगावर येते.

“कोंबडी ना ती?” मागून आवाज. सासरे निवृत्त इतिहासशिक्षक. पाणी प्यायला उठले होते.

“हो.”

“आणि ही बाई कोण?”

“लिओनिडासची नात.”

“आईकडून की वडिलांकडून?”

नुकत्याच मेलेल्या माणसाला हे विचारतात? “आईकडून.”

“त्याला मुलगा होता. प्लेइस्टार्कस. या मुलीचं काही वाचनात नाही.” त्यांनी खुर्ची ओढली, तेव्हाच माझी रात्र संपली. “बरं, ढाल कुठाय?”

“ढाल नसते.”

“स्पार्टाची, आणि ढाल नाही?”

“खेळात दिलेलीच नाही. शत्रूंना आहे.”

“शत्रूंना आहे.” त्यांनी चष्मा पुसला. “जावईबापू, ढालीवर कोंबडी अडली असती.”

मग भाल्याची पाळी. हा कसला भाला, हा तर सुरा. त्यांचे भाले माणसाहून उंच असायचे. इथे माझं डोकं फिरलं. मी हिरोडोटस काढला, तो जुना ग्रीक इतिहासकार. म्हटलं, इ.स.पू. 480, थर्मोपिलायची लढाई, लिओनिडास पडला तीच, शेवटी स्पार्टनांचे बहुतेक भाले मोडले होते, त्यानंच लिहून ठेवलंय! सासरे क्षणभर थांबले. मला वाटलं, जिंकलो.

“मोडल्यावर त्यांनी तलवारी काढल्या ना पण. तुम्ही मोडकाच चालवताय.”

कॅसँड्राच्या दुसऱ्या हातात तलवारही होती, हे सांगायचा धीर झाला नाही.

तसा हा भाला बिनकामाचा नाही. त्याची ताकद वाढते. फक्त त्यासाठी एका गुप्त पंथाची माणसं एकेक करून हुडकायची, मारायची, त्यांच्याकडचे तुकडे गोळा करायचे आणि जहाज हाकत अँड्रोस बेटावर ग्रीकांच्या लोहारदेवाच्या, हिफेस्टसच्या भट्टीत जायचं. दैवी शस्त्राला इतके हेलपाटे? हेलपाटे मी दिवसभर घालतोच. रात्री एक तास मिळतो, त्यात तरी वीज सरळ अंगात यावी. गेल्या आठवड्यात मी एकट्यानं अख्खा किल्ला मारला. कोणालाही न दिसता, एकही शिंग फुंकू न देता. तेव्हा या घरात कोणाला तहान लागली नाही.

सकाळी आंघोळीहून आलो तर सासरे फोनवर, पलीकडे माझे साडू.

“नाही नाही, निःशस्त्र कसले? भाला होता हातात,” ते माझी बाजू घेत होते. “अर्धा होता, पण होता.”