हिरवं पुस्तक

बाली किंवा लोम्बोकला समुद्राकाठी जागा घेता येईल का, असं मला इनबॉक्समध्ये बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी थोडक्यात: इंडोनेशियात पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. आपल्याला भाडेपट्टा किंवा वापराचा हक्क, बस्स. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन ठेवू म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका, तो व्यवहार तिथल्या कायद्यात टिकत नाही. मला आज बोलायचंय ते ज्यांच्याकडे ही पूर्ण मालकी होती त्यांच्याबद्दल.

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं सेमारांगला होतो, मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावर. शहराच्या पूर्वेला लागूनच देमाक जिल्हा. तिथलं तिंबुलस्लोको नावाचं गाव आज जवळजवळ पाण्यातच उभं आहे. आमच्याकडे बांदेंग मासा घेऊन येणारी बाई त्या गावची. मी तिला इबू म्हणायची. इबू म्हणजे आई, वयाने मोठ्या बाईला सगळे हीच हाक मारतात. तिच्याच आग्रहाने मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले.

घरात शिरताना वाकावं लागलं. मला वाटलं जुन्या पद्धतीचं बुटकं दार असेल. तसं नव्हतं. दार नेहमीच्याच उंचीचं होतं, जमीन वर आली होती. भरती घरात शिरायला लागली तेव्हा त्यांनी आधी भराव टाकला, मग परत टाकला, आणि भराव परवडेना तेव्हा पाण्यावर लाकडी फळ्यांचा माळा घातला. खिडकीचा कठडा माझ्या घोट्याशी आला होता. फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं तर पाण्यात पहिल्या घराची फरशी दिसत होती, पांढऱ्यात निळी नक्षी. लग्न होऊन आली तेव्हा याच फरशीवर बसून जेवले होते सगळे, असं इबूने सांगितलं. घराघरांमधले रस्ते म्हणजे लाकडी साकव. कुणी गेलं की दफनासाठी ओहोटीची वेळ बघायची.

हेच गाव 1990च्या आधी भाताचं होतं. नारळ, मिरची, सगळं व्हायचं. मग कोळंबीचा पैसा दिसला, किनाऱ्यावरची खारफुटी तोडून 'तांबाक' म्हणजे मत्स्यतळी झाली. खारफुटी गेल्यावर लाटेला अडवायला काही उरलं नाही. यात गावकऱ्यांचा हात होता, ते स्वतःही नाकारत नाहीत. पण त्याहून मोठं कारण जमिनीखाली आहे. हा सगळा किनारा मऊ गाळाचा. सेमारांगच्या पट्ट्यात कारखान्यांनी आणि वस्त्यांनी खोल विहिरी मारून वर्षानुवर्षं पाणी उपसलं, आणि जमीन खचत गेली. काही ठिकाणी वर्षाला अनेक सेंटीमीटर. समुद्र चढतोय हे खरंच, पण इथे जमीनच त्याहून वेगाने खाली चालली आहे. 2015 पासून डच आणि इंडोनेशियन संस्थांनी बांबू आणि झाडोऱ्याचे बांध घालून गाळ अडवायचा प्रयत्न केला. खारफुटी परत आलीसुद्धा काही जागी. पण खालून जमीन खचत असेल तर वरचा बांध किती पुरणार?

आता मालकीचं. इबूने आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत हिरव्या कव्हरचं पुस्तक, वर गरुडाचं राष्ट्रचिन्ह: जमिनीचं सर्टिफिकेट, सासऱ्यांच्या नावाचं. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960चा. त्याचं कलम 20 म्हणतं, हाक मिलिक हा वंशपरंपरेने चालणारा, सर्वांत बळकट आणि सर्वांत परिपूर्ण हक्क आहे. वाचायला किती छान वाटतं! आणि त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये हा हक्क कधी संपतो ते सांगितलंय. एक कारण: जमीन 'मुस्नाह' झाली तर. मुस्नाह म्हणजे नष्ट. 2021च्या नियमांनी ते आणखी स्पष्ट केलं, की नैसर्गिक कारणाने जमिनीचं रूप बदललं आणि ती ओळखता येईना, तर ती नष्ट जाहीर करता येते.

माझं सगळं भांडण त्या 'नैसर्गिक' शब्दाशी आहे. पंपाने पाणी उपसून खचलेली जमीन निसर्गाने कशी नेली?

आणि पैशाचं बघा. सेमारांग-देमाक टोल रस्ता याच किनाऱ्यावरून जातो, त्याचा एक टप्पा समुद्री बांध म्हणूनच बांधतायत. रस्त्यासाठी शाबूत जमीन गेली तर मिळते 'गांती रुगी', नुकसानभरपाई. नष्ट ठरलेली जमीन गेली तर 'दाना केरोहिमान', आणि तेही पूर्ण किमतीइतकं नाही. केरोहिमानमध्ये आपला रहीम आहे, रहम आहे. दयेचा पैसा. ज्यांनी विहिरी मारल्या नाहीत त्यांना हक्काच्या जागी दया? मला हे अजिबात पटत नाही. दया तिऱ्हाइतावर करतात, मालकाला त्याचं देणं द्यायचं असतं.

2025च्या जानेवारीत जाकार्ताजवळ तांगेरांगच्या समुद्रात 30 किलोमीटरहून लांब बांबूचं कुंपण सापडलं. चौकशीत तिथल्या भर पाण्यावर बांधकाम हक्काची 263 सर्टिफिकेटं निघाली, बहुतेक कंपन्यांच्या नावावर. देशभर ओरड झाली तेव्हा सरकार रद्द करायला लागलं. ते मी बातम्यांत वाचत होते आणि मला आढ्याची ती पिशवी आठवत होती.

लोक विचारतात, मग ही माणसं गाव सोडत का नाहीत? बरीच गेली. शेजारच्या बेदोनो गावातल्या दोन वाड्या तर केव्हाच उठल्या. पण दुसरीकडे जागा घ्यायची तर आधीची विकावी लागते, आणि पाणी कोण विकत घेणार? मासेमारी इथे, होडी इथे, पुरलेली माणसं इथे. त्यांना हट्टी म्हणू नका.

माझं आजोळ पेणजवळ खारेपाटात. उधाणाने बांधाला खांड पडली आणि आजीच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं, ते परत निघालं नाही. आता तिथे खारफुटी आहे. हे मी इबूला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, मोबाईलवर फोटो दाखवला. भाताबद्दल ती काही बोलली नाही. कागदावर आजीचं नाव अजून आहे का, एवढंच विचारलं.

सात-बारावर आहे, म्हटलं.

तिने फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला, मग पुस्तक पिशवीत घातलं, दोन गाठी मारल्या आणि स्टुलावर चढून पिशवी परत आढ्याला टांगली.